मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची चुकांची वही आता माझ्याकडे आहे

फळाखडू:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्या मुख्याध्यापिका शुक्रवारी निवृत्त झाल्या. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात, मुलं, पालक, शिपाईमामा, आम्ही शिक्षिका, सगळेच. मी दुसरीची वर्गशिक्षिका. नोकरीचं हे सहावं वर्ष, म्हणजे शिकवायला लागल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली आहे.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता. सकाळपासून फलकलेखन, खुर्च्या, पाचवीच्या मुलांची गाण्याची प्रॅक्टिस असा नुसता गोंधळ चालला होता, मला वाटलं आज काही बाई वर्गावर यायच्या नाहीत. पण तिसऱ्या तासाला नेहमीसारख्या आल्या. रोज एक तास कुठल्या ना कुठल्या वर्गावर घ्यायचाच हा त्यांचा नेम होता, ऑफिसात कितीही कागद साचले तरी. म्हणायच्या, नुसतं खुर्चीत बसून राहिलं की मुलं शिकतात कशी तेच विसरायला होतं.

फळ्यावर त्यांनी एकच गणित लिहिलं. ५२ − २७. आणि दोन बाकांच्या मधून फिरायला लागल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलाचं उत्तर आलं ३५. बाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "कसं काढलंस, सांग बरं मला." चूक आहे असं नाही म्हणाल्या, बरोबर आहे असंही नाही. तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून मी सातातून दोन काढले. पाच राहिले. मग पाचातून दोन गेले, तीन." पुढच्या बाकावरच्या मुलीचंही ३५. तिलाही तेच विचारलं, कसं काढलंस. ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक घेतला. बारा झाले. बारातून सात गेले पाच, पाचातून दोन गेले तीन."

बघा, दोघांचं उत्तर तेच पण वाट वेगळी. मुलाला दशक सोडवायचं असतं हेच माहीत नाही, तो मोठ्यातून लहान काढतोय. मुलीनं दशक सोडवला, पण दशकाच्या घरातले पाच तसेच ठेवले, चार केले नाहीत. बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "वह्या घरी नेऊन तपासल्या असत्यास तर दोघांवर एकसारखीच लाल फुली मारली असतीस." आणि खरंच मारली असती मी.

तिसरं ३५ शेवटच्या बाकावर होतं. ही मुलगी वर्गात फारसं बोलतच नाही, प्रश्न विचारला की खाली बघते. वहीचं पान खोडरबरानं खोडून खोडून काळपट झालेलं. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तेवढ्यात बेल झाली, कार्यक्रमासाठी मुलांना हॉलमध्ये बसवायचं होतं, तास तिथंच सुटला.

मग हार, भाषणं, गाणी. माझं भाषण तीन वाक्यांत आटपलं, पुढचं बोलताच येईना. सगळं झाल्यावर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं आणि त्यांची वही हातात दिली. हिशेबाची असते तशी लांब वही, चार रकाने आखलेले. तारीख, मुलानं काय लिहिलं, मुलानं काय सांगितलं, मग काय केलं. मुलांची नावं कुठेच नाहीत. शेवटच्या पानावर त्या दिवशीच्या तीन ओळी आहेत. पहिल्या दोन भरलेल्या, तिसऱ्या ओळीत मुलानं काय सांगितलं हा रकाना रिकामा. म्हणाल्या, "हिला विचारायचं राहून गेलं. तू विचार."

तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत, बाई एक तास घ्यायच्या, मला दिवसभर सगळे विषय शिकवायचे असतात, हे रोजच्या रोज चालू ठेवायचं कसं? दुसरं, तिसऱ्या मुलीचं नेमकं काय झालं असेल? बोलत नाही तिला बोलतं कसं करू?

दोघांची आई:

वाचताना डोळे भरून आले. अशा बाई प्रत्येक मुलाला मिळोत.

माझ्या धाकट्याचं सांगते. पहिली संपताना घरी अंक लिहीत होता. मी म्हटलं एकशे पाच लिही, त्यानं १००५ लिहिलं. मी खोडून १०५ लिहून दिलं, परत सांगितलं तर परत १००५. तिसऱ्या वेळेला माझा आवाज चढला, तो रडायला लागला. रात्री तो झोपल्यावर वाईट वाटलं म्हणून सकाळी विचारलं, राजा, तू असं का लिहितोस? तर म्हणाला, "आई, एकशे म्हणजे १०० ना, मग पुढे पाच." सरळ आहे की हो त्याचं! ऐकलं तेच लिहिलं पोरानं. मी तीन वेळा खोडून दिलं तोवर त्याच्या डोक्यात काय आहे ते मला कळलंच नव्हतं.

गणितप्रेमी:

दोघांची आई, तुमच्या मुलाची पद्धत म्हणजे हुबेहूब रोमन अंक आहेत. रोमन लोक शंभराची खूण लिहायचे आणि तिच्यापुढे पाचाची. ऐकू आलं त्या क्रमानं खुणा मांडायच्या ही माणसाची नैसर्गिक वाट आहे. आपली पद्धत त्याहून फार अवघड कल्पनेवर उभी आहे, अंकाची किंमत त्याच्या जागेवर ठरते आणि जागा मोकळी असेल तर ती शून्यानं धरून ठेवायची. ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणित करण्याचे नियम मांडले ते साल ६२८. युरोपात ही अंकपद्धत फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथातून लोकांपुढे आली १२०२ मध्ये, आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडायला त्यानंतरही पिढ्या गेल्या. ते आपण सहा-सात वर्षांच्या मुलाला काही आठवड्यांत देतो आणि त्याला नाही जमलं की चिडतो.

फळाखडू, आता तुमच्या ५२ − २७ बद्दल. वजाबाकीतल्या अशा चुका मुलं वाटेल तशा करत नाहीत, त्यांचा स्वतःचा एक नियम असतो आणि तो ती प्रामाणिकपणे पाळतात, नियम तेवढा चुकीचा असतो. १९७८ मध्ये ब्राऊन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीच्या चुकांची अशीच यादी बांधली होती, कुठला चुकीचा नियम पाळला की कुठलं उत्तर येतं. तुमच्या बाई वहीत तेच करत होत्या.

५२ − २७ मध्ये एक अडचण आहे. एककातला फरक बरोब्बर ५ आहे. सातातून दोन काढा, पाच. बारातून सात काढा, तरी पाच. म्हणून दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच आलं. या गणितावरून कुणाची चूक कुठली ते कळणारच नाही, तोंडानं विचारावंच लागेल. पण जी मुलगी बोलत नाही तिला ५२ − २८ द्या. मोठ्यातून लहान काढत असेल तर ३६ येईल, दशक सोडवून कमी करायला विसरत असेल तर ३४ येईल, बरोबर असेल तर २४. न बोलताही वहीच सांगेल.

फळाखडू:

गणितप्रेमी, हे मी कागदावर तीनदा करून बघितलं! फरक ५ आला की घोटाळा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता सोमवारी हेच गणित देणार.

शेवटचा बाक:

मी कधी इथे फार लिहीत नाही. पण हा धागा दोनदा वाचला.

मी दुसरीत असताना पंचवीस सांगितलं की ५२ लिहायचो. त्रेसष्ट सांगितलं की ३६. मला पाच आधी ऐकू यायचे म्हणून पाच आधी लिहायचो. शाळेचं नाव काय घ्यायचं, पण तिथल्या बाईंनी मला पाटी वर धरून वर्गासमोर उभं केलं आणि सगळ्यांना विचारलं, हे किती? सगळा वर्ग ओरडला, बावन्न! असं तीन-चार दिवस झालं. मी चुकीचं लिहितोय हे कळलं, का चुकतंय ते कोणीच सांगितलं नाही. मग मी एक युक्ती काढली, शेजारच्यानं लिहिल्यावर लिहायचं. चौथीपर्यंत तेच केलं. गणित पुढे जमलं, काही अडलं नाही, पण आजही चार लोकांत कोणी आकडा विचारला की आधी दुसरा कोणी बोलतोय का याची मी वाट बघतो. वय ४३ आहे माझं.

कुणी एकदा शेजारी बसून विचारलं असतं ना, कसं लिहिलंस म्हणून, एवढंच पुरलं असतं.

दोघांची आई:

शेवटचा बाक, वाचून गलबलून आलं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

तीस वर्षं फळ्यापुढे:

मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यातली शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो. शेवटचा बाक, तुमच्यासारखी मुलं माझ्याही हातून निसटली असणार, सुरुवातीच्या वर्षांत तर नक्कीच. तेव्हा मीही फुल्याच मारायचो.

फळाखडू ताई, आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. ३८ मुलांना रोज विचारायला जाऊ नका, दोन आठवड्यांत थकाल आणि सोडून द्याल. रोज फक्त तीन मुलं. हजेरीपटाच्या क्रमानं जा, हुशार, कच्चा असं निवडून नको. तेरा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. आणि ज्याचं उत्तर बरोबर आहे त्यालाही विचारा कसं काढलंस, ही गोष्ट फार महत्त्वाची. नाहीतर आठ दिवसांत मुलांना कळतं की बाई शेजारी येऊन बसल्या म्हणजे आपलं चुकलंय, आणि मग उत्तर द्यायच्या आधीच खोडरबर हातात घेतात.

त्या दोन मुलांसाठी काड्या काढा. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर बँड लावून आणि दोन सुट्या काड्या. म्हणा, मला यातून सत्तावीस दे. ज्या मुलानं सातातून दोन काढले, त्याच्या हातात दोनच सुट्या काड्या आहेत, त्यातून सात देता येत नाहीत आणि इथे उलट करायला जागाच नाही. तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही गप्प बसायचं. बहुतेक मुलं स्वतःहून विचारतात, गठ्ठा सोडू का? आणि ती मुलगी गठ्ठा लगेच सोडेल, तिला ते येतंय. तिला एवढंच सांगा की सोडलेलं रबर बँड बाजूला टाकू नकोस, मनगटात घाल. मग गठ्ठे मोजायला लाव. मनगटातलं रबर दिसलं की चार गठ्ठे उरलेत हे तिला आपोआप कळतं. मग हातच्याची खूण म्हणजे पाच खोडून वर चार लिहिणं, ते त्या रबर बँडसाठी लिहायचं असतं. मी कित्येक वर्षं मुलांना नुसती ती खूण करायला शिकवत होतो, रबर बँड न दाखवता.

एक मात्र सांगतो, सगळंच विचारून आणि समजावून होत नाही. पाढे पाठच हवेत. सात आठे छप्पन्न हे तोंडातून आपोआप यायला हवं, नाहीतर चौथीत भागाकार करताना मूल पाढ्यातच अडकून पडतं आणि भागाकार बाजूलाच राहतो. हल्ली पाठांतर म्हटलं की नाक मुरडतात, मला ते पटत नाही. फक्त पाढा वरून म्हणून झाला की मधूनच विचारायचं, छप्पन्नमध्ये सात किती वेळा? वरून खाली घडाघडा म्हणणारी निम्मी मुलं इथे थांबतात.

पहिलीची ताई:

गणिताचंच चाललंय म्हणून वाचनाचं सांगते. मी पहिलीला आहे. मुलं 'सूर्य' शब्द 'सूयर' वाचतात. आधी मला वाटायचं लक्ष नाही. मग एका मुलाला बोट ठेवून वाचायला लावलं तर बोट स वर, मग य वर, मग वरच्या रफारावर. म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि खालून वर, जसं दिसतं तसं वाचतोय. रफार लिहायचा य च्या डोक्यावर पण उच्चारायचा य च्या आधी, हे त्याला कोण सांगणार? पहिल्या वेलांटीचंही तेच, 'कि' लिहिताना वेलांटी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. काही मुलं आधी क लिहून उजवीकडे वेलांटी देतात, मग ती दुसरी होते, आणि आपण म्हणतो ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. ते त्याचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नसतंच, त्यानं ऐकल्या क्रमानं लिहिलेलं असतं.

फळाखडू, बाईंच्या वहीत वाचनाचं काही आहे का?

फळाखडू:

आहे ना, पुष्कळ आहे. रफाराची तर चार-पाच पानं आहेत. शिवाय अंकलेखनाचं एक सांगते, मला ते फार आवडलं. बाईंनी एकोणसाठ सांगितलं, मुलानं ६९ लिहिलं. त्यानं काय सांगितलं या रकान्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं आहे: "एकोण आला की नऊ येतो, आणि साठ म्हणजे सहा." आता बघा, १९, २९, ३९, ४९, एकोण आला की एककात नऊ येतोच, एवढं त्यानं आपल्या आपण शोधून काढलं होतं! एकोण म्हणजे एक कमी, साठाला एक कमी, तेवढं राहिलं होतं. मग काय केलं, तर संख्यारेषेवर साठावर उभं करून एक पाऊल मागे यायला लावलं, मग वीस, तीस, चाळीस, सगळ्यांवरून एकेक पाऊल मागे. खाली तारीख बदलून लिहिलंय, "आज स्वतः एकोणऐंशी बरोबर."

रानपाखरू:

एकोणसाठचं निघालंच आहे तर विचारते, २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ तीन असं वाचन आणलं होतं तेव्हा केवढं रान उठलं होतं आठवतंय का. मी तेव्हा विरोधात होते आणि आजही आहे. त्रेसष्ट, एकोणसाठ ही आपल्या भाषेची संपत्ती आहे, अवघड आहे म्हणून टाकून द्यायची का?

गणितप्रेमी:

रानपाखरू, टाकून द्यायची असं नव्हतं ते. जुनी नावं पुस्तकात होतीच, त्याच्या जोडीला साठ तीन असा पर्याय दिला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांचं म्हणणं होतं की मराठीत बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, शिवाय त्रेसष्ट, सदुसष्ट असल्या नावांत जोडाक्षरं, यामुळे मुलं सुरुवातीलाच घाबरतात. शेवटचा बाक यांनी लिहिलंय ते आणि हे वेगळं नाही. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, इंग्रजीतही वीसपासून पुढे तसंच. जर्मन मात्र आपल्यासारखंच, पाच आणि वीस असं म्हणतात.

मला वाटतं त्रेसष्ट टिकवायचाच, पण पहिले काही महिने मुलाला दोन्ही ऐकू द्यावं. त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन. पूल म्हणून वापरायचं.

रानपाखरू:

पूल म्हणून असेल तर चालेल मला. तेव्हा असं कोणी समजावलं नव्हतं, किंवा मीच बातम्यांवर गेले असेन. शेवटचा बाक यांचं वाचल्यावर थोडं मऊ पडायला झालं हे खरं.

वर्ग ६०:

सगळं छान आहे पण जमिनीवर या मंडळी. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, माझ्या वर्गात ६० आहेत, दोन तुकड्या एकत्र बसवल्यात कारण एक शिक्षिका रजेवर आहेत. त्यात ऑनलाइन माहिती भरा, फोटो टाका, सर्वेक्षणं. तुमच्या मोठ्या बाईंसारखं शेजारी बसायला मला बाकावर जागा सुद्धा नसते. मुख्याध्यापिकेनं रोज एक तास घेणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे, आमच्याकडे साहेब वर्गात येतात ते फक्त तपासणीला. रागानं नाही लिहीत, खरंच विचारतोय, साठ मुलांत हे कसं करायचं?

तीस वर्षं फळ्यापुढे:

वर्ग ६० सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. साठ मुलं एका माणसावर सोपवणं हे चूकच.

मी जोडवर्गावर असताना एक करायचो. गणित फळ्यावर लिहिलं की कुणीही तोंडानं उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, पाटी उलटी करून ठेवायची, मी टिचकी वाजवली की सगळ्यांनी एकदम वर धरायची. साठ उत्तरं पाच सेकंदांत दिसतात. त्यातलं वारंवार आलेलं एक चुकीचं उत्तर मी फळ्यावर लिहायचो, कुणाचं ते न सांगता, आणि विचारायचो, हे उत्तर आलंय, या मुलानं काय विचार केला असेल? मुलं एकमेकांच्या डोक्यातलं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.

पाटी उलटी ठेवण्याचं कारण, नाहीतर पुढच्या बाकावरचे दोघं-तिघं ओरडतात आणि बाकीचा वर्ग तेच उत्तर लिहितो.

धडपड्या:

यावरून आठवलं, बीएडला असताना वाचलं होतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं वर्गातल्या संवादांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी फक्त एखादा सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. मी हे माझ्या वर्गात करून बघितलं, मनात एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती मोजायचे. तीन हत्ती म्हणजे फार वाटतात हो, सगळा वर्ग आपल्याकडे बघत असतो, हात शिवशिवतात उत्तर द्यायला. पण चौथ्या दिवशी एका मुलीनं तिसऱ्या हत्तीला हात वर केला, जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता.

फळाखडू, तुमच्या त्या मुलीसाठी हे करून बघा. आणि समोर उभं राहून नको, शेजारी बसून, दोघींची नजर वहीवर. डोळ्यात बघून विचारलं की अशी मुलं मिटतात.

दोघांची आई:

हत्तींची युक्ती घरी पण चालते का बघते.

धडपड्या:

घरी तर जास्तच चालते ताई, घाई आपल्यालाच असते.

अजून एक सांगायचं राहिलं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं नाव आपल्या शिक्षकांना डीएड-बीएडमुळे माहीत असतं, मुलांचा विचार कसा वाढतो त्याचे त्यानं सांगितलेले टप्पे पाठ करून आपण परीक्षा देतो. पण तो त्या वाटेला लागला कसा ते मला जास्त आवडतं. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये तो मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम होतं बरोबर-चूक मोजायचं. त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकांतच गोडी लागली, कारण ठरावीक वयाची मुलं ठरावीक तऱ्हेनंच चुकत होती, मग तो मुलांशी बोलत बसायला लागला, असं का म्हणालास म्हणून. म्हणजे त्याची सुरुवात तुमच्या बाईंच्या तिसऱ्या रकान्यापासूनच झाली.

चौथी क:

मी पण आजपासून वही करतेय. पहिली नोंद देते. १/४ मोठा की १/८? वर्गातल्या बहुतेकांनी १/८ सांगितलं. विचारलं का, तर "आठ चारापेक्षा मोठा." कागदाची पट्टी घेऊन घड्या घालायला लावल्या, चार भाग, मग परत घडी, आठ भाग. एक मुलगा पट्टी हातात धरून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "बाई, जेवढ्या जास्त जणांना वाटायचं तेवढं कमी येणार." मी काहीच बोलले नव्हते. हेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही.

शेवटचा बाक:

फळाखडू, सोमवारी त्या मुलीचं काय झालं ते नक्की कळवा. वाट बघतोय.

फळाखडू:

उशीर झाला कळवायला, सोमवारी तिची गैरहजेरी होती. आज मंगळवारी आली.

आधी ती दोघं. तीस वर्षं फळ्यापुढे सरांनी सांगितल्याप्रमाणे कालच काड्या घेऊन बसले होते. मुलानं दोन सुट्या काड्या हातात धरल्या, माझ्याकडे बघितलं, काड्यांकडे बघितलं. मी मनात हत्ती मोजत गप्प. सहावा हत्ती झाला तेव्हा म्हणाला, "बाई, हा सोडला तर चालेल?" आणि मुलीनं रबर बँड मनगटात घातलं ते शाळा सुटेपर्यंत काढलंच नाही, प्रत्येक वजाबाकीला मनगट बघत होती.

आता तिसरी. आज मधल्या सुट्टीनंतर मुलं चित्रं काढत होती तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बसले. कोरा कागद दिला आणि ५२ − २८ लिहिलं. मनात तयारी करून गेले होते, ३६ आलं तर हे, ३४ आलं तर ते. तिनं पाच खोडून वर चार लिहिले, दोनाच्या जागी बारा केले आणि लिहिलं २४. बरोबर! मला काहीच सुचेना. म्हणून शुक्रवारची वही उघडायला सांगितली आणि ५२ − २७ = ३५ वर बोट ठेवून विचारलं, हे कसं काढलं होतंस गं? नजर वहीवरच ठेवली दोघींनी. एक हत्ती, दोन, तीन, चार. मला वाटलं नाही बोलायची ती. मग अगदी हळू म्हणाली, "आधी पंचवीस आलं होतं. मग त्या दोघांचं पस्तीस ऐकू आलं आणि मोठ्या बाई काही चुकलं म्हणाल्या नाहीत. म्हणून खोडलं."

पान उजेडाकडे धरून बघितलं. तिनाच्या खाली दोनाची खूण अजून दिसते. वर पाच खोडून लिहिलेला चार पण होता, तोही खोडलेला. तिनं सगळंच पुसून पस्तीसला जमेल असं करून ठेवलं होतं.

संध्याकाळी मोठ्या बाईंना फोन केला. सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या दोघांशी मोठ्यानं बोलत होते, ते तिच्यापर्यंत जात होतं. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात नाही आलं गं." मग विचारलं, "आज ती स्वतःहून बोलली?" मी म्हटलं हो, चौथ्या हत्तीला. हत्ती म्हणजे काय ते मग समजावून सांगावं लागलं. हसल्या, आणि म्हणाल्या, "रकाना भर. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही, तुझं नको. आणि मग काय केलं तिथे लिही, उद्यापासून पाट्या उलट्या."

आत्ता भरला. उद्या वर्गात ४१ − १६ देणार आहे, फरक पाचच ठेवलाय, पाट्या उलट्या ठेवून.